न्याहारीचा रंग

आप्पांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "सकाळी काय खाल्लं?"

मी पालमच्या हायस्कुलात नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि खोली शोधत होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या दिवशी बरीच घरं पालथी घालून झाली होती. प्रत्येक घरी आधी नाव, मग आडनाव, मग गाव, मग गावातली बाजू, आणि तिथपर्यंत आलं की घरमालकाला एकदम आठवायचं की पुढच्या महिन्यात खोलीत पाहुणे यायचे आहेत. एवढ्याशा पालमात एवढे पाहुणे कुठून येणार होते कुणास ठाऊक. आमचं घर बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होतो. तेव्हा ही पाहुण्यांची गोष्ट मला नवी नव्हती, पण राग मात्र दरवेळी नव्यानं यायचा.

आप्पांचं किराणा-भुसाराचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं आणि दुकानामागे घर. लिंगायत घर. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात खिशांची बंडी आणि समोर तराजू. मी खोलीचं विचारलं, त्यांनी न्याहारीचं विचारलं. मला वाटलं यांना कमी ऐकू येतं. मी मोठ्यानं परत खोलीचं विचारलं.

"ते कळालं हो. सकाळी काय खाल्लं ते सांगा."

"चहा घेतला. खारी खाल्ली."

"म्हणूनच तोंड उतरलंय. चहा-खारीवरचा माणूस अकराच्या पुढं टिकत न्हाई. घर बगायला निगालाव आन् पोटात काईच न्हाई?" त्यांनी फुटाण्यांच्या पोत्यात हात घातला, मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि मी ते संपवेपर्यंत खोलीचं नाव काढू दिलं नाही.

पोटात काही गेल्यावर मला धीर आला. म्हटलं, "आप्पा, आधीच सांगतो. मी बौद्ध आहे."

"ते झालं. रोज न्याहारीला काय असतंय?"

"भाकरी. कधी अंडं."

आप्पांनी हातातलं माप खाली ठेवलं. मी मनात म्हटलं, झालं, आले पाहुणे.

"अंडं घरात चालायचं न्हाई," ते म्हणाले. "आमच्या घरात अंडं आलं तर आमची मंडळी मला बाहेर काढंल. तुमी बाहेर खावा. पर खात जावा. अंड्यावरचा माणूस दुपारपत्तोर दम धरतो."

अशी मला खोली मिळाली.

माणसं एकमेकांना "कसं काय, बरं हाय का?" विचारतात. आप्पांना त्यात काही अर्थ वाटायचा नाही. बरं असलेला माणूसही बरं सांगतो आणि नसलेलाही. खरं उत्तर पोटात असतं, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की त्याच्या चालण्यावरून ते ओळखायचे, हा भाकरीवर आलाय की नुसत्या चहावर. चहावरचं गिऱ्हाईक उगाच हुज्जत घालतं, चार वेळा माल उलथापालथा करतं आणि शेवटी काहीच न घेता जातं, म्हणून ते त्याला आधी फुटाणे द्यायचे. बाजारातले बाकीचे दुकानदार हसायचे. मुलं तर त्यांना लांबूनच ओरडून सांगायची, "आप्पा, आज धपाटे!" आणि आप्पा दुकानातून हात वर करून शाबासकी द्यायचे.

त्यांचा सिद्धांत साधा होता. पोट म्हणजे चूल. "चिपाड टाकलं की भकदिशी जाळ होतोय," ते सांगायचे. "बगणाऱ्याला वाटतंय, काय जाळ हाय! आन् भाकरी टाकायच्या आदीच इझतंय. मंग परत चिपाड टाका, परत टाका. साखरेचा चहा, खारी, जिलबी, हे समदं चिपाड. जवारीची भाकरी, मटकी, शेंगदाणे, दही, हे बाभळीचं लाकूड. हळू पेटतंय, पर दुपारपत्तोर धग ऱ्हाती."

पुढे कित्येक वर्षांनी डॉक्टरांच्या तोंडून हेच सगळं वेगळ्या शब्दांत ऐकलं तेव्हा मला फार मौज वाटली. पण म्हणून आप्पांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. आमच्या मुख्याध्यापकांना टक्कल पडलं ते साबुदाण्यानं, हे त्यांनी ठाम ठरवून टाकलं होतं. विधानसभेत भांडणं होतात त्याचं कारण मुंबईत सगळे सकाळी पाव खातात. त्यांना विरोध केला तर ते चिडायचे नाहीत, फक्त माझ्याकडे बारकाईनं बघायचे आणि विचारायचे, "आज काय खाल्लंव?"

एकदा आम्ही दोघं गंगाखेडला निघालो होतो. एसटीत आप्पा नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायचे. गाडी सुटायच्या आधी त्यांनी जाळीतून विचारलं, "डायवर सायेब, सकाळी काय खाल्लं?"

"चहा पिलाय की."

"निस्ता चहा?"

"दोन कप!"

आप्पा उठले आणि सरळ खाली उतरले. कंडक्टर मागे धावला. आप्पा गाडीपुढे उभे राहून सांगत होते, "एवढी माणसं याच्या जिम्म्यावर, आन् ह्ये चहावर गाडी हाकायलंय! ह्याची न्याहारी हुईपत्तोर मी न्हाई बसत." शेवटी त्यांनी आपल्या पिशवीतले धपाटे आणि दही काढून ड्रायव्हरला दिलं, ड्रायव्हरनं स्टिअरिंगवर फडकं पसरून ते खाल्लं, आणि आख्खी गाडी खोळंबून बघत राहिली. मला शरमेनं कुठं तोंड लपवावं असं झालं होतं. पण त्या ड्रायव्हरनं पुढे दर खेपेला आप्पांसाठी ती जागा राखून ठेवली, हेही खरं.

सोयरिकीच्या बैठकीला तर त्यांना मुद्दाम बोलवायचे. एका बैठकीत सकाळपासून मानपानावरून ताणाताणी चालली होती, चहावर चहा होत होता, आणि मुलाकडचे टोप्या चढवून उठायच्या बेतात होते. आप्पांनी मुलीच्या आईला आत जाऊन सांगितलं, चहा बंद करा, सुशीला टाका, शेंगदाणे मोजू नका. आमच्याकडे चुरमुरे भिजवून, फोडणी घालून करतात ती सुशीला. सगळ्यांनी बश्या रिकाम्या केल्या, पाणी प्यायले, आणि अर्ध्या तासात सुपारी फुटली. परत येताना मी त्यांचं कौतुक केलं. "मी कुठं जुळवली?" ते म्हणाले. "शेंगदाण्यांनी जुळवली. माणसं उपाशी होती, दुसरं काई न्हाई."

आता त्यांच्या बिमारीचं सांगायला हवं, कारण या सगळ्याचं मूळ तिथंच होतं. आप्पांना शुगर होती. तिकडे तिला साखरेची बिमारी म्हणत. परभणीच्या डॉक्टरांनी त्यांना एक काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली दिली होती. न्याहारीनंतर काही वेळानं निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळं ते निळंच राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर बरीच, आणि विटकरी झालं तर मामला हाताबाहेर.

हा कारखाना स्वयंपाकघरात चालवायला अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, साफ मनाई केली होती. रंग नीट दिसायला ऊन लागतं. उगवतीकडे खिडकी होती ती भाड्याच्या खोलीला. शिवाय आप्पा हिरवा म्हणायचे तो अक्कांना दारातून पिवळा दिसायचा आणि त्यावरून रोज वाद व्हायचा. तेव्हा त्यांना खिडकीही पाहिजे होती आणि पंचही. माझा चेहरा बघून खोली दिली असं मला इतके दिवस वाटत होतं, ते असं निघालं. रोज शाळेत जायच्या आधी आप्पा नळी उन्हात धरायचे आणि म्हणायचे, "सांगा गुरुजी, रंग." मी रंग सांगायचो. दारातून अक्का विचारायच्या, "नक्की?" एकदा आप्पांनी मला सकाळी सकाळी पोटभर जिलबी घातली आणि माझीही नळी उकळली. निळीशार! त्यांचं तोंड एवढंसं झालं. "तुमची चूल नवी हाय," ते म्हणाले.

अक्का माझ्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत येत नसत. पहिल्या दिवसांत माझ्यासाठी एक पेला वेगळा होता, तो बाहेरच्या कोनाड्यात असायचा. मला ते लागायचं. फार लागायचं. पण अक्का वाईट नव्हत्या. जे पाहत आल्या होत्या तेच करत होत्या, आणि काही महिन्यांनी तो पेला कोनाड्यातून आपोआप नाहीसा झाला. खोलीत आलो त्याच आठवड्यात त्यांनी पूजेचा प्रसाद दारात ठेवला होता. मी म्हटलं, "अक्का, आमच्याकडे देवाचा प्रसाद घेत नाहीत. वडिलांनी सोडलं ते मीही सोडलंय." त्या गोंधळल्या. आतून आप्पा ओरडले, "ऱ्हाऊ द्या! एवढं धड न्हाई म्हणायलेत म्हणजे न्याहारी चांगली झालेली हाय." पुढे मला कधी कुणी आग्रह केला नाही.

मग एका उन्हाळ्यात आप्पांच्या पायाला चप्पल लागली. अंगठ्याला एवढंसं खरचटलं आणि ते बरंच होईना. काळसर पडलं, सुजलं. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि स्पष्ट सांगितलं की साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबेल असंही नाही. आप्पा परत आले ते हसतच. "चपलेला अंगठा लागतोय हो, न्हाईतर काय काम हाय त्याचं?" पण त्या दिवशी त्यांनी दुकानात कुणालाही काय खाल्लं म्हणून विचारलं नाही.

त्यांनी न्याहारीवर करवत चालवली. आधी दूध गेलं, मग दही गेलं, भाकरी एकीची अर्धी झाली, तिच्यासोबत मेथीची पानं. तरी नळी विटकरीच. रोज उन्हात धरायची आणि रोज तोच रंग. मी सांगायचो आणि माझा आवाज खाली जायचा. आप्पा वाळत चालले. ज्या माणसानं साऱ्या गावाचा राग फुटाण्यांनी उतरवला, तो आता सकाळीच गिऱ्हाइकांवर खेकसायला लागला. एका म्हातारीला त्यांनी पायरीवरूनच परत पाठवलं. त्या दिवशी मला खरी भीती वाटली. मला वाटलं, हा माणूस अंगठ्याच्या आधीच आपल्या हातून जाणार.

अशात अक्कांना ताप आला. सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि बाजारातून केळी आणायला सांगितली. मी आणून दिली. त्या तापातही अंघोळ करून भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर एक मोठी पितळी वाटी होती. वाटी कसली, वाडगंच. त्यांनी त्यात केळी कुस्करली, दूध ओतलं, गुळाचा चांगला खडा फोडून घातला, वर मधाची धार धरली.

"अक्का, हे कुणाला?"

"देवाला. निवेदाला."

"रोज?"

"रोज. माज्या सासूपासून हाय."

"आणि मग देवाचं झालं की?"

"मंग हे घेतात. दुसरं हायच कोण आता? लेकरं होती तवा वाटी साऱ्यांत फिरायची, ह्यांच्या वाट्याला बोटभर यायचं. आता पोरी नांदायला गेल्या, पोरगं नौकरीला लातूरला. परसाद टाकून देता येत न्हाई, उरवता येत न्हाई. मला तर केळं सोसत न्हाई. मंग समदी ह्येच संपवतेत."

मी शाळेत गेलो, पण त्या दिवशी काय शिकवलं मला आठवत नाही. सगळ्या गावाचं पोट वाचणाऱ्या आप्पांनी ती वाटी कधी हिशेबातच धरली नव्हती. लपवलीही नव्हती. त्यांच्या लेखी ते खाणंच नव्हतं. आणि हे त्यांना सांगायचं कुणी? भावकीतला सांगणार नाही, कारण त्यालाही ते खाणं वाटणार नव्हतं. राहिलो मी. ज्याच्या घरात देव नाही त्यानं, ज्यांनी घरात घेतलं त्यांना सांगायचं, की तुमच्या देवाचा प्रसाद तुम्हाला बाधतोय. पण तो अंगठा रोज मला दिसत होता.

दुसऱ्या सकाळी त्यांनी विटकरी नळी उन्हात धरली. "सांगा गुरुजी."

मी म्हटलं, "आप्पा, आज सकाळी काय खाल्लं?"

ते चमकले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. "अर्दी भाकरी. मेथी."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आदी पूजा."

"आणि पूजा झाल्यावर?"

"परसाद," म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचा चेहरा बदलत गेला. "गुरुजी, परसाद ही खायची गोष्ट न्हाई."

"पोटात तर जातो ना, आप्पा."

"तुमाला न्हाई कळायचं त्ये."

त्यांनी नळी खिडकीतून बाहेर ओतली आणि निघून गेले. त्या 'तुमाला' या शब्दात मला पालमचे सगळे पाहुणे एकदम ऐकू आले. मला राग आला आणि रडूही आलं. मनात म्हटलं, आता दुसरी खोली बघायची.

दोन दिवस आप्पा माझ्या खोलीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या सकाळी दिवा, नळी आणि बाटली घेऊन दारात उभे.

"आज मी भाकरी खाल्ली न्हाई," ते घुश्शातच म्हणाले. "मेथी न्हाई, पाणी न्हाई. निस्ता परसाद घेतलाय. आता हू द्या दूध का दूध. लावा दिवा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते भांडायला आले नव्हते. प्रसादाला निर्दोष सोडवायला आले होते, आणि ते सुद्धा पुराव्यानं. मी दिवा लावला. नळीतलं निळं उकळायला लागलं, हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं, आणि बघता बघता ओल्या विटेसारखं लाल होऊन तळाला बसलं. आप्पांनी नळी उन्हात धरली. यावेळी त्यांनी मला रंग विचारला नाही.

मागे पावलं वाजली. अक्का उंबरा ओलांडून थेट माझ्या खोलीत आल्या होत्या. त्यांनी आप्पांच्या हातातली नळी धरून आपल्याकडे वळवली.

"विटकरी," अक्का म्हणाल्या.

"विटकरी," आप्पा म्हणाले.

रंगावर त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. अक्कांनी पदर तोंडाला लावला. "माज्याच हातानं देत आले की हो मी. रोज."

"तू कुठं दिलंस? तू लेकरांचं करत आलीस," आप्पा म्हणाले. "लेकरं गेली, वाटी तेवढीच ऱ्हायली. समदी लेकरं मीच झालो." मग ते हसायला लागले, अगदी पहिल्यासारखं, पोटापासून. "गुरुजी, साऱ्या गावाला इचारत फिरलो सकाळी काय खाल्लं, काय खाल्लं. घरातल्या देवाला तेवढं इचारायचं ऱ्हाऊन गेलं. त्यानं कदी सांगितलंय का, मला केळंच पायजे म्हणून?"

त्यांच्या घरी येणाऱ्या जंगमांना, म्हणजे लिंगायतांच्या गुरूंना, अक्कांनी विचारून घेतलं. ते म्हणाले, जे घरात शुद्ध आहे ते चालतं. त्या आठवड्यापासून देवाची न्याहारी बदलली. पितळी वाडगं माळ्यावर गेलं आणि लहान वाटीत रात्री भिजवलेले हरभरे आले, वर चिमूटभर मीठ. आप्पांची भाकरी अर्धीची पुन्हा एक झाली, दही परत आलं. नळी आधी पिवळी झाली, मग पिवळी की हिरवी यावर नवरा-बायकोचा वाद पुन्हा सुरू झाला. तो वाद ऐकून मला किती बरं वाटलं! परभणीच्या गोळ्या होत्याच. अंगठ्याचा काळेपणा हळूहळू मागे सरला, जखमेनं तोंड मिटलं, आणि पावसाळा संपता संपता आप्पा चप्पल घालून दुकानात जायला लागले. परत पाठवलेल्या त्या म्हातारीला त्यांनी स्वतः जाऊन फुटाणे दिले.

हरभरे सुरू झाले त्यानंतरची एक सकाळ. आप्पांची अंघोळ झाली होती, पूजेची मांडामांड चालली होती. मी दाढी करत होतो. अक्का खोलीत आल्या आणि त्यांनी माझ्यासमोर एक वाटी ठेवली. भिजवलेले हरभरे होते, वर मीठ.

मी संकोचलो. म्हटलं, "अक्का, तुम्हाला माहीत आहे, मी..."

"मालूम हाय. परसाद न्हाई तो," त्या म्हणाल्या. "देवाला दाखवायच्या आदी काढून ठेवलेत. ह्ये निस्ते हरभरे हायत. तुमाला चालतील."

त्या घरात देवाच्या आधी कुणी काही तोंडात घातलेलं मी पाहिलं नव्हतं. पोटच्या लेकरांनीसुद्धा कधी घातलं नव्हतं, हे अक्कांनीच मला सांगितलेलं. मी साबण लागलेल्या तोंडानंच खाली बसलो आणि वाटी हातात घेतली.

आतून आप्पांचा आवाज आला, "गुरुजींचं खाऊन झालं का? मंग मी बसतो पूजेला."